कासव, किल्ली आणि साडू

३ इस्फंद

निवृत्त होऊन दोन महिने झाले, इस्फंद म्हणजे वर्षाचा शेवटचा महिना लागला आणि आज माझ्याच घरात माझी वाहतूक बंद करण्यात आली.

झालं एवढंच, की स्वयंपाकघरात फ्रिज, ओटा आणि शेगडी यांच्यामध्ये फरंगीसची रोज जी धावपळ होते तिचा मी अभ्यास केला आणि फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचे बाण लावले. फ्रिजकडून शेगडीकडे एकेरी मार्ग, परतताना ओट्याला वळसा. शिराझचे निम्मे चौक मी आखले आहेत, एक स्वयंपाकघर म्हणजे काय मोठंसं? फरंगीस बाजारातून आली, बाण बघितले, पिशव्या खाली ठेवल्या आणि इस्फहानला शिकणाऱ्या आमच्या लेकीला फोन लावला.

"नियुशा, तुझ्या बाबांना खेळायला काहीतरी दे गं. आज फरशीवर बाण आलेत. उद्या माझ्या कपाळावर सिग्नल लावेल हा माणूस."

मी तिथेच उभा होतो. नवरा समोर असताना त्याच्याबद्दल असं बोलू नये, असं मी म्हणणार होतो, पण नियुशाने मलाच फोनवर घेतलं आणि हे दाबा, ते दाबा करत टॅबलेटवर एक खेळ उतरवून दिला. पिवळ्या टोपीचा एक बुटका आहे. त्याने पेट्या ढकलायच्या, कळा दाबायच्या, दारं उघडायची आणि पुढच्या खोलीत जायचं. लहान मुलांचा खेळ. उद्या पुसून टाकीन.

बाण काढताना फरशीची चमकही निघाली. ते मोठ्या गालिच्याखाली येईल.

८ इस्फंद

खेळ संपवला. सगळ्या खोल्या. डोळे लाल झालेत.

यात एक कासव आहे, त्याच्या पाठीवर किल्ली असते. तुम्ही जवळ गेलात की ते लांब जातं, आणि फार मागे लागलात तर आपल्या दारातून आत शिरून दार लावून घेतं. मग त्याला पेट्यांनी कोपऱ्यात गाठावं लागतं. मला ते कासव आवडलं. त्याला मान आहे.

सगळ्यात शेवटी एक पान उघडतं: "आता तुमची स्वतःची लेव्हल बनवा आणि जगाला द्या." मी बराच वेळ त्या रिकाम्या पानाकडे बघत बसलो. चौकोनच चौकोन, आणि एकावरही कोणाची सही लागत नाही. नोकरीत एक दुभाजक हलवायचा तर पाच जणांच्या सह्या लागायच्या.

१० इस्फंद, शुक्रवार

साडूकडे जेवायला. कोबीपुलाव उत्तम. साडू नेहमीसारखा.

कियूमर्सचं नळ आणि फरशांचं दुकान आहे आणि आवाज असा, की नळ न उघडता पाणी यावं. माझ्या मेहुणीचं, गुलनारचं, या माणसाशी लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, आणि दर जेवणाला तो तीच गोष्ट सांगतो. मुलगी बघायला आला तेव्हा सासऱ्यांनी चहा पुढे केला. चार लोकांसारखं "नको, कशाला त्रास" म्हणायचं सोडून याने पेला उचलला, एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. "आणि दुसऱ्या पेल्याबरोबर मुलगीच देऊन टाकली! बरोबर ना, काको?" असं, मला शिराझी थाटात भाऊ म्हणत, तो माझ्या पाठीवर थाप मारतो. पंचवीस वर्षं त्याच जागी थाप बसते आहे.

माझी गोष्ट कोणी विचारत नाही. तिच्यात सांगण्यासारखं काही नाहीही. मी नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं, आणि शेवटी चहा प्यायलो.

मग समजलं की कियूमर्सही तोच खेळ खेळतो. एवढंच नाही, त्याने लेव्हल बनवली आहे आणि ती हजारो लोकांनी खेळली आहे. मला दाखवली. एक सरळ बोळ आहे. बुटका चालत जातो, दोन्ही बाजूंनी चांदण्या पडतात आणि शेवटी आतषबाजी होते. संपलं.

"यात कोडं कुठे आहे?" मी विचारलं.

"कोडं कशाला हवं? माणूस दिवसभर दमून येतो, इंजिनिअर. त्याला चांदण्या हव्यात."

"हा खेळ नाही, ही जाहिरात आहे."

"मग तू बनव की! नव्या वर्षाच्या तेराव्या दिवशी सहलीला सगळे बागेत जमूच. तिथे सगळ्यांसमोर खेळतो तुझी. बघू इंजिनिअरची करामत."

नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी हसून "अवश्य" म्हणालो. घरी येताना गाडीत फरंगीसला सांगितलं की मला यात अजिबात पडायचं नाही. ती म्हणाली, "हिरवा झाला सिग्नल."

१३ इस्फंद

लेव्हल तयार झाली आणि जगाला दिली.

खोली काही सुचेना म्हणून हाताला आली तशी आखली. लांबट अंगण, मध्ये हौद, हौदाच्या कडेने लाल फुलांच्या कुंड्या, एका बाजूला येण्याचं दार आणि समोर आत जाणारं छोटं दार, जिथून कासव येतं. पेट्या एकही नाही. पेट्यांनी कासवाला कोपऱ्यात गाठणं मला पहिल्यापासून असभ्य वाटतं.

खरी गंमत कासवाच्या स्वभावात आहे. लेव्हल बनवायच्या पानावर तो बदलता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असावं. माझ्या कासवाकडे सरळ गेलात तर ते आत पळतं. पण पाठ फिरवून आल्या दाराकडे निघालात तर ते एक पाऊल बाहेर येतं. कासवाकडे तोंड करून थांबायचं आणि पुन्हा पाठ फिरवायची. तिसऱ्यांदा निघालात की ते आपणहून येऊन किल्ली तुमच्या पायाशी ठेवतं. सूचना लिहावी का, असा विचार आला होता. पण तीनदा नको म्हटल्याशिवाय कोणी काही घेत नाही आणि तीनदा म्हटल्यावर समोरचा दिल्याशिवाय सोडत नाही, हे काय लिहून सांगायचं? शेंबड्या पोरालाही कळतं.

बनवत होतो तेव्हा फरंगीस मागे येऊन उभी राहिली. हातात ओलं फडकं. वर्षअखेरची घराची झाडलोट सुरू आहे, तेव्हा ती माझ्यावरची धूळ झटकायला आली असावी.

"ते छोटं दार दोन घरं डावीकडे हवं," ती म्हणाली.

"का?"

"असंच."

म्हणून हलवून बघितलं. योगायोगाने तिथे शोभलं.

आपली लेव्हल जगाला द्यायच्या आधी आपण ती सोडवून दाखवावी लागते, ती मी सोडवली. आणि एक नियम आहे: महिन्याभरात दुसऱ्या कोणीही ती पार केली नाही तर ती यादीतून काढून टाकतात. मला हसू आलं. महिना? संध्याकाळपर्यंत शंभर जण पार करतील.

१५ इस्फंद

पार केलेले: शून्य.

वरच्या मजल्यावर कर्नल हुमायूनफर राहतात. काल त्यांचं नाव घालून त्यांना टॅबलेट दिला होता. बुद्धिबळाचे शौकीन आहेत. त्यांनी तासभर ठेवला आणि परत देताना छातीवर हात ठेवून म्हणाले, "शापूरखान, हात दुखू नयेत तुमचे! काय कलाकृती आहे!" मी रात्री शांत झोपलो. आज बघतो तर कर्नलांच्या नावापुढेही पार झाल्याची खूण नाही. जिन्यात गाठलं.

"कर्नल, शेवटपर्यंत गेलात ना?"

"छे छे, इतकी सुंदर आहे, शेवटपर्यंत जाऊन संपवावीशी वाटेना!"

मश्हदच्या कोणा सभ्य गृहस्थांनी लिहिलं आहे: "उत्कृष्ट. आम्ही आपल्या पायाची धूळ." त्यांचीही खूण नाही. तारोफ, म्हणजे ही तोंडदेखली अदब, करून करून हे राष्ट्र एक दिवस माझा जीव घेणार आहे. मला कौतुक नको, मला एक माणूस पलीकडे गेलेला हवा आहे.

फरंगीस पडदे काढत शिडीवर होती. म्हटलं विचारून बघावं.

"बघतेस का गं जरा माझी लेव्हल?"

"नको बाई. मला काय कळतंय त्यातलं."

"बरं," म्हटलं. तिला अशा गोष्टींत रस नाही. बळेच कशाला त्रास द्या.

पडद्याची कडी शिडीवरून जरा जोरातच खाली पडली. माझ्या पायाजवळ.

१९ इस्फंद

परदेशी लोक तारोफ करत नाहीत, हे मात्र खरं. ब्राझीलचा एक जण लिहितो: "कासव बिघडलं आहे." कोरियाची एक मुलगी लिहिते: "बनवणाऱ्याला झोपेची गरज आहे." एका जर्मन गृहस्थाने तर कागदावर कोष्टक मांडून सिद्ध केलं आहे की ही लेव्हल पार होणं अशक्य आहे, आणि खाली विनम्र अभिवादन. मी उत्तर पाठवलं, "आपलं घर आबाद असो, आपण फक्त थोडे आग्रही आहात." त्याने विचारलं, म्हणजे काय? काय सांगू याला!

कोण कसं खेळलं याचा माग खेळात बघता येतो. सगळ्यांचे माग सारखेच. आले की सरळ कासवावर झडप. आमचे लोकही तसेच, ते बघून मला धक्काच बसला. मग लक्षात आलं. आयुष्यभर चौकात हेच तर बघितलं मी. दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत पाव तास उभे राहणारे तेच दोघे हातात गाडी आली की एकमेकांच्या बंपरवर चढतात. टॅबलेटचंही तसंच असावं.

एक माग मात्र वेगळा आहे. शमदानी नावाने कोणी खेळतो. हे फुलाचं नाव, लाल फुलांच्या कुंड्यांत असतं तेच. हा कासवावर धावून जात नाही. अंगणात येतो, हौदाला फेरी मारतो, कुंड्यांपाशी थांबतो, मग पाठ फिरवून दाराकडे जातो, एकदाच. आणि सरळ बाहेर निघून जातो. पुन्हा येतो, पुन्हा एकदाच फिरतो, पुन्हा बाहेर.

मला भलताच उत्साह आला. हा अगदी उंबरठ्यावर आहे.

२३ इस्फंद

अजून शून्य. शमदानी पाचसहा वेळा येऊन गेला. दर वेळी एकदा पाठ फिरवतो आणि जातो. याला कळलेलं आहे, मग पुढे का करत नाही?

एक विचित्र गोष्ट नोंदवून ठेवतो. मी घराबाहेर पडलो की शमदानी येतो. परवा फरंगीसने हफ्त-सीनसाठी, म्हणजे नव्या वर्षाच्या सात वस्तूंच्या मांडणीसाठी, सिरका म्हणजे व्हिनेगर आणायला पाठवलं, परत येऊन बघतो तर शमदानी येऊन गेलेला. काल गालिचा धुवायला देऊन आलो, शमदानी. आज संगक रोटीच्या रांगेत उभं केलं, आणि घरात दोन दिवसांची रोटी शिल्लक असताना! आलो तर पुन्हा शमदानी. माझ्या घराच्या दारावर कोणीतरी पाळत ठेवून आहे.

कियूमर्सच. दुसरं कोण! उत्तर त्याला कळलंय, आणि मुद्दाम पार करत नाही. महिना संपू द्यायचा, लेव्हल यादीतून जाऊ द्यायची आणि तेराव्याला बागेत सगळ्यांसमोर खांदे उडवायचे. साडू हा नातेवाईक नसतो, हे आपले वाडवडील उगाच म्हणत नव्हते.

आज पुलावाच्या तळाचा खरपूस थर कोळसा झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फरंगीसला विचारलं तर म्हणाली, "फोनवर होते जरा." गुलनारशीच असणार. आणि गुलनारकडून कियूमर्सला. बातमी कुठून फुटते ते कळलं.

२९ इस्फंद

काल वर्षाचा शेवटचा मंगळवार, रिवाजाप्रमाणे जाळावरून उड्या मारल्या. कर्नलांनी तीन वेळा "आधी आपण" म्हटलं, मी तीन वेळा "आपल्याआधी कसं" म्हटलं, तोवर जाळ विझला. शेवटी दोघांनी राखेवरून उडी मारली.

आज वाटाण्याएवढं दुःख झालं आहे, ते लिहून टाकतो. माझा आवडता चौक होता, बागेजवळचा, पाच रस्त्यांचा. त्याच्या सिग्नलची वेळ मी तीन वर्षं घासूनपुसून बसवली होती. आज तिथून गेलो तर सिग्नलच काढलेत, मध्ये गोल केला आहे. गाड्या छान जात होत्या. माझ्याशिवाय छान जात होत्या.

लेव्हलवर अजून शून्य आहे. वाटाण्याएवढं म्हटलं, पण तेवढं लहान नाही ते.

४ फरवर्दीन

नवं वर्ष लागलं. नियुशा आली आहे. टॅबलेट बघून म्हणाली, "बाबाजान, थोडी सूचना तरी लिहा ना." मी नाही म्हटलं. सूचना लिहिली तर ते माझं कोडं राहणार नाही, त्याची रस्त्यावरची पाटी होईल. ती म्हणाली, "मग आईला का नाही विचारत?"

"विचारलं की. नको म्हणाली."

नियुशाने टॅबलेट खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला शिराझी म्हणायचं की जर्मन?" आजकालच्या मुलांचे विनोद मला कळत नाहीत.

तरी तिच्या समाधानासाठी फरंगीसला पुन्हा विचारलं. ती पाहुण्यांसाठी पिस्ते भरत होती.

"एकदा बघ की गं."

"राहू दे. तुझ्या कर्नलांना जमलं नाही, मला काय जमायचंय."

पटलं मला ते. कर्नल बुद्धिबळ खेळतात, शेवटी.

नियुशाने कपाळाला हात लावला आणि बाल्कनीत गेली.

६ फरवर्दीन

आजची बातमी: शमदानीने आज दोनदा पाठ फिरवली! दोनदा! कासव दोन पावलं बाहेर आलं होतं, किल्ली हाताच्या अंतरावर होती. आणि हा बाहेर निघून गेला. टॅबलेट आपटणार होतो, पण तो नियुशाच्या पैशांचा आहे.

साडूकडे नवरोजच्या भेटीला गेलो ते मनाशी ठरवूनच. मिठाई पुढे आली तेव्हा मी कियूमर्सच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं, "काही लोकांना तिसरं पाऊल टाकायला एवढं जड का जातं, कोण जाणे!"

"गुडघा दुखतोय का रे?" तो म्हणाला.

"कुंड्यांतली फुलंसुद्धा कधीकधी बोलतात, कियूमर्स."

त्याने गुलनारकडे बघितलं. गुलनारने फरंगीसकडे. फरंगीस मिठाईच्या ताटात बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. कियूमर्सने माझ्या पेल्यात चहा ओतला आणि हळू आवाजात, त्याचा हळू आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला, म्हणाला, "काको, निवृत्ती अवघड असते. माझ्या दुकानात येऊन बसत जा ना सकाळचा."

किती पोचलेला नट आहे!

१२ फरवर्दीन

उद्या शेवटचा दिवस. जर्मनाने लिहिलं आहे की तो अजून प्रयत्न करतो आहे, बायको वैतागली आहे. या परक्या माणसाबद्दल माया वाटली.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. साडूपुढे नाक कापलं जाईल याचं आता काही वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. मी काहीतरी बनवलं, ते कोणाला तरी कळावं. हजारांना नको. एकाला. त्याने माझ्या अंगणात यावं, थांबावं, फिरावं आणि कासवाने त्याला किल्ली द्यावी. एवढंच हवं आहे, आणि ते मागायचं कसं हे मला कळत नाही.

१३ फरवर्दीन

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर हातून निसटेल.

बागेत सकाळीच जागा धरली. गालिचा, चहाचा समोवर, आश या घट्ट सूपचं पातेलं, लेट्यूसची पाटी, पानं बुडवून खायला आंबटगोड सिकंजबीनची सुरई. शेजारच्या झाडाखाली कोणाचं तरी गाणं मोठ्याने. जेवण झाल्यावर कियूमर्सने चाळीस लोकांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "चला, आता इंजिनिअरची लेव्हल!"

त्याने आपला फोन काढला. वर त्याचं खेळातलं नाव दिसलं: नळसम्राट.

"हे तुझं नाव?" मी विचारलं.

"दुसरं कुठलं असणार?"

"शमदानी नाही?"

"मी? फूल?" कियूमर्सने आपल्या पोटाकडे बघितलं. "काको, खरंच दुकानात येऊन बस."

मग तो खेळला. आला की कासवावर झडप. कासव आत. पुन्हा झडप, पुन्हा आत. सतरंजीवरची पोरं ओरडत होती. घाम पुसत म्हणाला, "हे कासव आहे की माझा मामेसासरा?" सगळे हसले. तो मला चिडवत नव्हता. त्याला खरंच जमत नव्हतं, आणि पाव तास तो मनापासून खेळला. महिनाभर या माणसाला मी पाण्यात पाहत होतो.

शेवटी फोन ठेवून तो म्हणाला, "हरलो. पण यात काहीतरी आहे, इंजिनिअर. मला दिसत नाही, पण आहे." इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदाच काही सरळ बोलला.

ऊन कलायला लागलं. संध्याकाळी लेव्हल जाणार. मी उठून ओढ्याकडे गेलो. फरंगीस तिथे दगडावर बसून लेट्यूसची उरलेली पानं धूत होती. बाजूला आमच्या हफ्त-सीनच्या ताटलीत उगवलेली गव्हाची हिरवळ, रिवाजाप्रमाणे पाण्यात सोडायला आणलेली. मी तिच्याजवळ बसलो.

"गेली," म्हटलं.

"अजून ऊन आहे."

"फरंगीस, मी तारोफ करत नाही. बळे बळे विचारतोय असंही नाही. तू खेळ. जमेल न जमेल, मला काही नाही त्याचं. मी ती जगाला दिली, पण मला ती तू खेळायला हवी आहे."

ती पानं झटकत राहिली. मला वाटलं आता नको म्हणेल, आणि या वेळी मी ऐकणार नव्हतो.

तिने हात ओढणीला पुसले, पिशवीतून आपला फोन काढला आणि खेळ उघडला. तिच्या फोनवर हा खेळ आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. वर नाव आलं: शमदानी.

माझ्या डोक्यातले सगळे सिग्नल एकदम लागले. सिरका. गालिचा. रोटीची रांग. कोळसा झालेला पुलाव.

बुटका अंगणात आला. हौदाला फेरी, कुंड्यांपाशी थांबणं. मग पाठ फिरवली. कासव एक पाऊल बाहेर. थांबला, पुन्हा पाठ. दुसरं पाऊल. तिसऱ्यांदा तो पार दारापर्यंत गेला, आणि कासव तुरुतुरु सबंध अंगण ओलांडून आलं आणि किल्ली त्याच्या पायाशी ठेवली. दार उघडलं. पार केलेले: एक.

मी तो आकडा दोनदा वाचला.

"तिसऱ्यांदा विचारायला तुला महिना लागला," फरंगीस म्हणाली. "पहिल्या 'नको'ला 'बरं'! दुसऱ्या 'नको'लाही 'बरं'! तीनदा पाठ फिरवायचं कोडं बनवणारा माणूस, आणि बायकोचा पहिला नकार घेऊन गेला. मी पण म्हटलं, जेवढ्यांदा विचारशील तेवढ्यांदा फिरेन."

"तुला उत्तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"माझ्याच बाबांचं अंगण आहे ते, शापूर. कुंड्या मीच लावल्या होत्या."

मी फोनकडे बघितलं. लांबट अंगण, हौद, लाल फुलं, समोर छोटं दार. देवाशपथ सांगतो, आखताना माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. हाताला आलं तसं आखलं होतं.

"मला बघायला आलास तेव्हा तू तीनदा चहा नको म्हणालास," ती म्हणाली, "बाबा वैतागले. म्हणाले, याला चहाच नको तर मुलगी काय हवी असणार, ने ट्रे आत. तू उठलास. दारात बूट घालत होतास, तेही डाव्या पायात उजवा. मग मीच ट्रे घेऊन बाहेर आले. सगळ्यांदेखत. आई महिनाभर बोलली नाही माझ्याशी." तिने फोन माझ्यासमोर धरला. "आणि त्याचं तू काय केलंस? कासव! मी कासव?"

"त्याला मान आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात कियूमर्स मागून आला, फोन बघितला, नाव बघितलं आणि सबंध बाग हलली. "शमदानी म्हणजे फरंगीस! अरे काखेत कळसा आणि गावाला वळसा, इंजिनिअर!" पाठीवर थाप बसली, त्याच जागी. या वेळी बरी वाटली.

फरंगीसने हिरवळ पाण्यात सोडली. मी तिचा हात धरला होता, लोक बघत होते, पण धरला.

१४ फरवर्दीन

लेव्हल राहिली. जर्मनाला मी सगळं समजावून लिहिलं. त्याचं उत्तर आलं: त्याने पार केली, आणि नंतर बायकोला जेवायला चालतेस का असं तीनदा विचारलं. ती पहिल्यांदाच हो म्हणाली होती, तरी त्याने तीनदा विचारलं. शिकतो आहे बिचारा.

दुपारी फरंगीस टॅबलेट घेऊन माझ्याकडे आली. तिने स्वतःची लेव्हल बनवली आहे. बघितलं तर आमचं स्वयंपाकघर: फ्रिज, ओटा, शेगडी आणि फरशीवर पिवळे बाण. बाणांप्रमाणे चाललं की दर वेळी भिंतीवर डोकं आपटतं.

"खेळतोस?" तिने विचारलं.

"नको गं, तू दमली असशील. राहू दे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि कुंड्यांना पाणी घालायला गेली.

आता संध्याकाळ होत आली. दुसऱ्यांदा विचारायला अजून आलेली नाही. मी इथेच बसलो आहे.